कांजिण्यांनंतर मुलाचा हात अचानक लुळा पडला तर

खपल्या गळाल्या, कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ झाली, मूल शाळेत जायला लागलं, की घरच्यांसाठी कांजिण्यांचा विषय संपतो. मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. आम्ही तो पुढचं वर्षभर संपला असं धरत नाही. हा विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि क्वचित तिथून मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचतो. भिंत सुजते, वाट अरुंद होते, गुठळी धरते आणि मुलाला स्ट्रोक, म्हणजे लकव्याचा झटका येतो. साधारण १५ हजारांत एखाद्या मुलाला असं होतं, तेव्हा रोज पोराला तपासत बसू नका. पण काही अचानक दिसलं तर थांबूही नका.

म्हणजे काय? चमचा सारखा हातातून पडतो, एकाच पायातली चप्पल निसटते, हसताना तोंड वाकडं होतं, जीभ जड होते. कधी पहिली खूण फिटच असते. मोठ्या मुलाला दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का बघा. दोन वर्षांचं पोर असलं काही ऐकत नाही. त्याच्यापुढे बिस्किट धरा. नेहमीचा हात सोडून दुसराच पुढे आला तर निघा. अर्ध्या तासात सगळं ठीक झालं तरी निघायचंच.

शेवटचं ठणठणीत कधी होतं ती वेळ लिहून घ्या, १०८ ला फोन करा. तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. घशात जाऊ शकतं. उलटी किंवा फिट असेल तर कुशीवर वळवा. आजी तेल गरम करायला उठतील, त्यांच्याशी वाद नंतर घालू. घरातली ॲस्पिरिन मनाने देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तो वाढेल.

कॅज्युअल्टीत आईबाप आज काय खाल्लं, कुठे पडलं ते सांगतात. चार महिन्यांपूर्वीच्या कांजिण्या कुणाला आठवत नाहीत. तुम्ही त्या आधी सांगा. अंगावरच्या फोडांचा फोटो मोबाईलमध्ये बहुतेक असतोच, तारखेसकट, तोच दाखवा. त्यावरून पाठीतलं पाणी तपासायचं का, विषाणूवरचं औषध द्यायचं का, हे डॉक्टरांना ठरवता येतं. सीटी नॉर्मल आला म्हणून गाडी काढू नका. पहिल्या काही तासांत त्यात दिसेलच असं नाही. एमआरआय आणि सोबत एमआर अँजिओ (मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी) कधी होणार, ते विचारा.

घरी सोडताना बऱ्याचदा कमी डोसची ॲस्पिरिन लिहून देतात. ही डॉक्टरांची, ती बंद करायची नाही. पण गोळी चालू असताना फ्लूसारखा ताप आला किंवा भावंडाला कांजिण्या आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा: अशा आजारात ॲस्पिरिनमुळे क्वचित यकृत आणि मेंदूला इजा होते, म्हणून ती काही दिवस थांबवायची का ते तेच सांगतील.