संरक्षण संशोधनाचं सरकारी अनुदान: आधी टप्प्यांचा तक्ता, मग स्लाइड

भोसरी एमआयडीसीत माझ्या शेडसमोर चहाची टपरी आहे. तिथे महिन्यातून दोनदा तरी कुणी होतकरू उद्योजक गाठतो आणि विचारतो, "आयडेक्सला अर्ज टाकलाय, प्रेझेंटेशनमध्ये काय दाखवू?" काय वाट्टेल ते दाखवा. प्रेझेंटेशन त्याच दिवशी संपतं. निवड झाल्यावर करारासोबत जो टप्प्यांचा तक्ता जोडायचा असतो, तो मात्र काम संपेपर्यंत तुमच्या उरावर बसतो. त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही.

आधी योजना निवडा. आयडेक्स ही लहान कंपन्यांना सैन्यासाठी नव्या वस्तू घडवायला अनुदान देणारी संरक्षण मंत्रालयाची २०१८ सालची योजना. 'डिस्क' या नेहमीच्या स्पर्धेत १.५ कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटींपर्यंत आणि २०२४ साली आलेल्या 'अदिती'त २५ कोटींपर्यंत. डीआरडीओचा टीडीएफ, म्हणजे तंत्रज्ञान विकास निधी, वेगळा. तिथे मर्यादा ५० कोटींची आहे आणि खर्चाचा ९० टक्क्यांपर्यंतचा भार सरकार उचलतं, पण तयार होणारी बौद्धिक संपदा डीआरडीओसोबत सामाईक राहते. दहा-बारा माणसांची कंपनी असेल आणि पहिलीच वेळ असेल, तर सरळ डिस्कमध्ये उतरा. तिथले प्रश्न सैन्यदलांनीच मांडलेले असतात, म्हणजे वस्तू हवी असणारा माणूस आधीपासून हजर असतो. स्वतःची कल्पना घेऊन जाण्याची 'ओपन चॅलेंज'ची वाट मोहक दिसते; पण वापरणारा सापडलेला नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एसबीआयआर या लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणाऱ्या अमेरिकी योजनेचे व्हिडिओ पाहून अर्ज लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती, तसं करू नका. ती योजना १९८२च्या कायद्यातून आली, ती अमेरिकी मालकीच्या कंपन्यांसाठी आहे, आणि तिथे पहिल्या टप्प्यात फक्त कल्पना शक्य आहे का एवढं तपासायला पैसे मिळतात. आयडेक्समध्ये निम्मा खर्च तुमचा. १.५ कोटी मिळाले म्हणजे तुमच्या खिशातून तेवढेच जायचेत, हे घरी सांगून ठेवा.

कागदपत्रं: उद्यम किंवा स्टार्टअप नोंदणी, ताळेबंद, संचालकांची माहिती. सीएला एक दिवस द्या, विषय संपला.

प्रश्न वाचताना मात्र घाई नको. पुण्यात एक सोय आहे जी इतर शहरांत इतक्या सहज मिळत नाही: निवृत्त फौजी अधिकारी. ईएमई (लष्कराची यंत्रं सांभाळणारी शाखा) किंवा सिग्नल्समध्ये (संदेशवहनाची शाखा) उमेदीची वर्षं घालवलेल्या एखाद्या कर्नलसाहेबांना तो प्रश्न वाचायला द्या आणि विचारा, "सर, ही वस्तू हातात कोण आणि कशी धरणार?" आमच्या वेळी अशाच एका साहेबांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "हातमोजे घालून." आम्ही बॅटरीच्या संचावर चण्याएवढी बटणं लावली होती. याउलट "पाषाणला माझी ओळख आहे" असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. पाषाणला एआरडीई आहे, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आर अँड डीई. सगळ्या डीआरडीओच्या मोठ्या प्रयोगशाळा, पिनाक हे रॉकेट डागणारं अस्त्र एआरडीईनेच घडवलं. पण डिस्कमधली वस्तू वापरणार आहे सैन्याची तुकडी, आणि ती नापास करणार तीही तुकडीच.

अर्ज भरा, निवड समितीसमोर बोला, चालणारं काहीतरी टेबलावर ठेवा.

आता तक्ता. अनुदान एकरकमी येत नाही. कामाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्पा मान्य झाला की पुढचा हप्ता. ऐकायला सोपं वाटतं. मीही तसंच समजून पहिल्या कामाचा तक्ता एका रात्रीत लिहिला. आम्ही अतिथंड ठिकाणी चालणारा बॅटरीचा संच करत होतो. तिसऱ्या टप्प्यात मी लिहिलं, "नमुन्याची उंचावरील ठिकाणी समाधानकारक चाचणी", आणि सगळ्यात मोठा हप्ता त्याच ओळीला बांधला. नमुना जानेवारीत तयार व्हायचा होता. परदेशातून येणारे सेल अडकले आणि तो एप्रिलमध्ये तयार झाला. थंडी आमच्यासाठी थोडीच थांबणार? पुढचा हिवाळा येईपर्यंत हप्ता नाही, पगार मात्र दर महिन्याला. बायकोचे दागिने बँकेत गेले. चूक कुणाची? माझीच. तक्ता मी लिहिला होता, सही माझी होती.

तेव्हापासून माझा पहिला नियम: 'समाधानकारक', 'यशस्वी', 'योग्य' हे शब्द तक्त्यात दिसले की खोडायचे. त्या जागी आकडा हवा. तीच ओळ आता मी अशी लिहितो: "संच उणे ३० अंशांवर १६ तास ठेवल्यानंतर त्याने ठरलेल्या क्षमतेच्या ७० टक्के ऊर्जा द्यावी, चाचणी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, पुरावा म्हणजे प्रयोगशाळेचा सही-शिक्क्याचा अहवाल." कुठे तपासायचं, किती आलं म्हणजे पास, सही कुणाची आणि किती दिवसांत, या चारही गोष्टी प्रत्येक ओळीत हव्यात. एक जरी राहिली तरी ती पुढे जिभेवर तोलली जाते, आणि तोलणारे तुम्ही नसता.

दुसरी गोष्ट, ज्या टप्प्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे त्याला मोठी रक्कम बांधू नका. मैदानी चाचणीला जागा, तुकडी, हवामान आणि रजा, सगळं जुळावं लागतं. ती शेवटच्या ओळीत, लहान हप्त्यासह ठेवा. मोठे हप्ते तुमच्या शेडमध्ये किंवा प्रयोगशाळेत पुऱ्या होणाऱ्या कामांना. सुट्या भागांची खरेदी हा स्वतंत्र टप्पा करा. पुरावा बिलं आणि माल आत आल्याची नोंद. आम्ही हे केलं असतं तर सेल आले त्याच महिन्यात पैसे हलले असते.

तिसरी गोष्ट मागायला लोक लाजतात. चाचणीची जागा किंवा वेळ समोरून मिळाली नाही, तर तेवढे दिवस तुमच्या मुदतीतून वगळले जावेत, असं एक वाक्य करारात मागा. "असं कुणी देत नाही" असं सांगणारे भेटतील. तरी मागा, आणि सहीच्या आधी मागा. सही झाल्यावर तुमच्या शब्दाला वजन उरत नाही.

हिशेबही करून बघा. एका टप्प्याला पाच महिने आणि ४० लाख लागणार असतील, तर तपासणी आणि कागद फिरण्याचे अजून तीन महिने धरा. म्हणजे आठ महिने ते ४० लाख तुमच्या पदरचे. ते उभे राहणार नसतील तर टप्पा दोन तुकड्यांत मोडा. टप्पे जास्त झाले की तक्ता बावळट दिसतो, असं एक सल्लागार मला म्हणाला होता. दिसू दे.

बैठकीत तोंडी ठरलेलं त्याच संध्याकाळी मेल करून ठेवा. अधिकाऱ्यांच्या दोन-तीन वर्षांत बदल्या होतात. नवे साहेब आले की जुन्या चहाच्या गप्पांना किंमत शून्य.

चाचण्यांचं थोडक्यात: उपकरण इलेक्ट्रॉनिक असेल तर जेएसएस ५५५५५ (थंडी, उष्णता, हादरे यांच्या चाचण्यांचं लष्करी मानक) आणि मिल-एसटीडी-४६१ (विद्युतचुंबकीय अडथळ्यांचं मानक) आराखड्याच्या पहिल्या दिवशी उघडा, पेटी बनवून झाल्यावर नव्हे. प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या चेंबरची तारीख दोन महिने आधी घ्या. अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेवा.

नमुना मान्य झाला म्हणजे ऑर्डर आली असं होत नाही. खरेदीची प्रक्रिया स्वतंत्र आहे आणि ती तिच्या चालीने चालते, तोवर शेडचं भाडं निघेल असं काम हातात हवं. आम्ही चाकणच्या कारखान्यांतल्या फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचो. अजूनही करतो.