होमबिल्ट (स्वतः बांधलेल्या) विमानातला वायरिंगचा बिघाड कसा शोधायचा, आणि मग पॅनल कसं बदलायचं

पॅनल, म्हणजे कॉकपिटमधली गेज-स्विचची फळी, बदलायचं ठरलं की सगळे आधी स्क्रीन निवडत बसतात. किती इंचाची, कोणत्या कंपनीची, ऑटोपायलट आत्ताच की नंतर. जुन्या वायरिंगमधलं दुखणं मात्र तसंच राहतं आणि नव्या पॅनलमागे बिऱ्हाड करतं, मग सहा महिन्यांनी माणूस नव्या स्क्रीनला शिव्या घालतो. मी स्वतःचं पॅनल दोनदा उघडलंय, मित्रांची किती ते मोजलं नाही, आणि आता ठाम सांगतो की आधी जुना बिघाड शोधा, तो मीटरवर आकड्यात दाखवता आला पाहिजे, मगच नव्या खोक्याची पट्टी फाडा.

मल्टीमीटर वापरता येतो, बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय पॅनलमागे पाना घालायचा नाही हे माहीत आहे, आणि वायरिंगचा डायग्राम आहे असं धरून चालतो. डायग्राम नसेल तर आधी तो काढा. दोन दिवस जातील, जाऊ देत.

एक गोष्ट मात्र गृहीत धरणार नाही. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनला ठिणगी देणारं यंत्र, बंद करायची रीत उलटी असते. स्विच ऑफ केला की पी-लीड नावाची वायर ग्राउंडला टेकते आणि ठिणगी थांबते, म्हणजे ती वायरच तुटली असेल तर स्विच ऑफ दाखवतो आणि मॅग्नेटो मजेत चालू असतो. वायरिंगचा बिघाड शोधताना नेमकी अशीच वायर तुटलेली निघू शकते. त्यामुळे प्रोपेलरच्या फेऱ्यात हात, डोकं, मीटरच्या वायरी काहीही नको, इंजिन थंड असलं तरी नको.

सुरुवात तक्रार लिहून काढण्यापासून. काय होतं, कधी होतं, इंजिन चालू होतं का, कोणते स्विच लागलेले होते. "कधीकधी गडबड करतं" ही तक्रार नव्हे.

मग बॅटरीवर व्होल्टेज बघा. लेड-ॲसिड बॅटरी रात्रभर निवांत असेल तर १२.६ च्या वर हवी, इंजिन चांगल्या आरपीएमला चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास. १३ च्या खाली राहत असेल तर चार्जिंग होत नाहीये, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो ठीक होईपर्यंत उडायचं नाही. झालं, यात फार काही नाही.

आता ग्राउंड, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट. इथे माझं आख्खं वर्ष गेलंय, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

माझ्या विमानात लँडिंग लाइट लावला की ऑइल टेम्परेचरचा काटा टुणकन आठ-दहा अंश वर जायचा, लाइट बंद केला की परत खाली. तेल काही एका सेकंदात तापत नाही आणि निवतही नाही, म्हणजे तेलाचा काही दोष नाही हे कळत होतं. पण ज्याला विचारावं तो एक पार्ट बदलायला सांगायचा. सेंडर (इंजिनवरचा तापमानाचा सेन्सर) बदल. बदलला. गेज बदल. बदलला. त्यात स्टार्टर पण लंगडायला लागला, मग अर्थातच बॅटरी बदल, ती पण बदलली आणि आठवडाभर बरं वाटलं कारण नवी बॅटरी जरा जास्त जोर लावते. काटा मात्र तसाच नाचत होता. आणि हँगरमध्ये इंजिन बंद ठेवून, बॅटरीवर लाइट लावून बघितलं की काटा ढिम्म हलायचा नाही! हाच सगळ्यात मोठा पुरावा होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो, अर्थ लागला नाही.

अर्थ असा. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचं ग्राउंड एका जाड पट्ट्याने फायरवॉलशी (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याशी) जोडलेलं असतं. इंजिन चालू असताना सगळा करंट अल्टरनेटरमधून येतो आणि अल्टरनेटर इंजिनवर बसलाय, म्हणजे लाइट, रेडिओ, पंप सगळ्यांचा परतीचा करंट त्या एका पट्ट्यातून इंजिनकडे जातो. पट्ट्याच्या जोडात नुसता ०.०२ ओहम रेझिस्टन्स असला आणि २० अँपिअर जात असले की ०.४ व्होल्ट तिथेच खर्च होतात. ऑइल टेम्परेचरचा सेंडर इंजिनच्या बॉडीवर ग्राउंड होतो, गेज पॅनलवर ग्राउंड होतो, आणि आता या दोन ग्राउंडमध्ये ०.४ व्होल्टचा फरक पडलाय. गेज बिचारा तो फरक तापमान समजून दाखवतो. इंजिन बंद असेल तर करंट बॅटरीकडे परत जातो, त्या पट्ट्याशी त्याचा संबंधच नाही, म्हणून काटा शांत.

आणि हा ०.०२ ओहम मीटरच्या ओहम रेंजवर दिसत नाही. कधीच नाही. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या दसपट असतो. "बीप वाजली म्हणजे जोड चांगला" हा जो सल्ला सगळीकडे दिला जातो ना, तो मला आता ऐकवत नाही. बीप म्हणजे फक्त वायर अगदीच तुटलेली नाही एवढंच. एक तार शिल्लक राहिलेली वायर पण बीप देते. जोड तपासायचा तर त्यातून खरा करंट जात असताना, आणि व्होल्टमध्ये.

कसं करायचं ते सांगतो. मीटर डीसी व्होल्टच्या लहान रेंजवर. काळी वायर इंजिनच्या क्रँककेसवरच्या (मुख्य बॉडीवरच्या) एखाद्या उघड्या, स्वच्छ बोल्टला क्लिपने पक्की बांधायची, लाल वायर पॅनलमागच्या ग्राउंड बसला (सगळी ग्राउंड जिथे जोडतात त्या पट्टीला). वायर लांब घ्या आणि मीटर कॉकपिटमध्ये सीटवर ठेवा, इंजिन चालू असताना काउलिंगजवळ (इंजिनच्या झाकणाजवळ) उभं राहून माप घ्यायचं नाही म्हणजे नाही. वायर काउलिंगच्या मागच्या बाजूने, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून दूर, टेपने चिकटवून आत आणा. विमान बांधून ठेवा, चाकांना ठोकळे, आणि ब्रेकवर दुसरा जाणता माणूस. मग इंजिन चालू करून एकेक स्विच लावत जा आणि आकडा लिहा. माझ्याकडे सगळं लावल्यावर ०.४२ आला. चांगल्या जोडाला ०.०५ च्या आत राहायला हवा.

इंजिन चालू न करताही हेच जरा वेगळ्या रीतीने पकडता येतं. स्पार्क प्लग काढून ठेवा आणि दोन-तीन सेकंद नुसता स्टार्टर मारा, मीटर मात्र बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि क्रँककेस यांच्यामध्ये. स्टार्टर दीडशे अँपिअर सहज ओढतो, त्यामुळे खराब जोड इथे लपूच शकत नाही, माझ्याकडे तीन व्होल्टच्या वर गेला होता. म्हणजे बॅटरीचे तीन व्होल्ट स्टार्टरपर्यंत पोचतच नव्हते आणि मी नवी बॅटरी घेऊन आलो! या वेळी करंट इंजिनकडून बॅटरीकडे जातो, आधीच्या उलट, तेव्हा चिन्ह उलटं आलं म्हणून मीटरवर शंका घेऊ नका.

अजून एक खूण. ग्राउंडचा पट्टा खराब असला की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या केबल. माझी थ्रॉटलची केबल तीन-चारदा स्टार्टर मारल्यावर हाताला कोमट लागत होती. अशाने केबल आतून चिकटून बसू शकते, आणि ती हवेत चिकटली तर काय होईल ते सांगायला नको.

दोष निघाला तो हास्यास्पद होता. पट्ट्याची थिंबल (टोकाची धातूची कडी) मी इंजिन माउंटच्या नळीवरच्या कानाला बोल्टने आवळली होती, आणि माउंटला छान पावडर कोटिंग. पावडर कोटिंगमधून करंट जात नाही. इतके दिवस सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. आता पट्टा क्रँककेसवरून थेट फायरवॉलच्या ग्राउंड बोल्टवर, मध्ये माउंट नाही, आणि बॅटरीची निगेटिव्ह त्याच बोल्टवर. थिंबलखाली रंग, ॲनोडायझिंग काहीही नको, धातू चकचकीत दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून ग्रीस लावा, आधी नाही. परत मोजलं तर ०.०३. जुना सेंडर परत बसवला, अजून तोच चालतोय.

फायबरच्या विमानात बॉडीतून करंट परत येत नाही, प्रत्येक वस्तूला स्वतःची परतीची वायर लागते. ॲल्युमिनियमच्या विमानात बॉडी वापरता येते, लाइटला चालतं, पण रेडिओ आणि इंजिनच्या गेजला मी वापरत नाही.

येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडासाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब आणि त्याला दोन क्लिपा. लँडिंग लाइटसारख्या जाड वायरीच्या टोकाची वस्तू काढून तिथे हा बल्ब लावा. मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवणारी वायर बल्ब लावला की लाल मिणमिणते, लगेच समजतं. रेडिओच्या बारीक वायरीला मात्र लहान बल्ब घ्या, हा ५ अँपिअरच्या जवळ ओढतो. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने कनेक्टर, स्विच, ब्रेकर हळूच ठोकत जायचं, बल्ब कुठे डोळा मारतो ते बघायचं.

आता पॅनल. आधी बेरीज करा, कोण किती अँपिअर ओढतं, रेडिओचा ट्रान्समिटचा आकडा घ्या, रिसीव्हचा नाही. सतत चालणारं सगळं मिळून अल्टरनेटरच्या ८० टक्क्यांच्या वर जायला नको. मांडणीसाठी पुठ्ठ्याचे तुकडे कापून चिकटवा आणि बेल्ट लावून तासभर सीटवर बसा, हात पोचतो का ते तिथेच कळतं.

वायर टेफझेलच्या आवरणाची, गाडीची पीव्हीसी वायर नको, जळली तर कॉकपिटमध्ये विषारी धूर होतो. ब्रेकर वायर वाचवण्यासाठी असतो, त्या महागड्या स्क्रीनला नाही: २२ गेजला ५ अँपिअर, २० ला साडेसात, १८ ला १०. सोल्डर की क्रिंप (टोक दाबून बसवणं) हा वाद माझ्यापुरता संपलाय. सोल्डर तारांमध्ये झिरपून वायर कडक करतं, आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच व्हायब्रेशनने ती तुटते. रॅचेटवालं चांगलं क्रिंपर घ्या, एक जोड वाया घालवून ओढून बघा. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना लेबल आणि वरून पारदर्शक हीट श्रिंक.

पॅनलचे सगळे ग्राउंड एका ठिकाणी. हेडसेटमध्ये आरपीएमबरोबर बदलणारी शिट्टी ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा हेडसेटचे जॅक धातूच्या पॅनलला टेकलेले असतात. फायबरचे वॉशर घालून ते वेगळे करा, आणि शील्ड (वायरभोवतीची जाळी) एकाच टोकाला ग्राउंड करा. नवे एलईडी लाइट रेडिओत खरखर करतात का ते स्क्वेल्च (रेडिओचा खरखर दाबणारा भाग) उघडून एकेक लाइट लावून बघा, पॅनल बंद करायच्या आधी. मॅग्नेटोमीटर (स्क्रीनला दिशा सांगणारा सेन्सर) लोखंडापासून आणि जाड वायरींपासून लांब, शक्यतो विंगच्या टोकाकडे.

स्टार्टर मारताना व्होल्टेज १० च्या खाली जाऊन स्क्रीन रीबूट होते ही तक्रार नेहमीची आहे. ग्राउंड ठीक केल्यावरही होत असेल तर स्क्रीनला बॅकअप बॅटरी द्या. स्टॅटिकची नळी (उंची आणि वेगाच्या गेजला बाहेरच्या हवेचा दाब देणारी) उघडली असेल तर गळती तपासून घ्या, तोंडाने फुंकून नको, एअरस्पीडचा गेज मरतो.

इग्निशन किंवा फ्युएल इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक असेल तर धूर आल्यावर मास्टर (मुख्य स्विच) बंद केला तर इंजिन चालू राहील की नाही याचं उत्तर जमिनीवर, प्रत्यक्ष स्विच बंद करून मिळवा. वजन आणि बॅलन्स नव्याने काढा, लॉगबुकात नोंद करा, तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे तपासणी लागत असेल तर ती करून घ्या. आणि कंपास स्विंग करून (विमान ठरलेल्या दिशांना उभं करून कंपासची चूक मोजून) नवं करेक्शन कार्ड लावा, सगळे स्विच उड्डाणात असतात तसे लावून. माझा कंपास पॅनलच्या लाइटने बारा अंश फिरत होता, कारण लाइटच्या दोन वायरी मी एकमेकींना पीळ न घालता त्याच्या शेजारून नेल्या होत्या.