कोरीगडाची छोटी फेरी : सोप्या गडावर हमखास होणाऱ्या चुका

लोणावळ्याहून ॲम्बी व्हॅलीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर पेठ शहापूर लागतं. गावाच्या डोक्यावर उभा आहे तो कोरीगड, म्हणजेच कोराईगड. आधी झाडीतली पायवाट, मग पायऱ्या, तासाभरात दरवाजा. वर तटाला धरून साधारण दोन किलोमीटरची फेरी मारायची आणि आल्या वाटेने खाली यायचं. "पोरंटोरंसुद्धा चढतात हो," असं जो तो सांगतो, आणि ते खरंही आहे. चढताना इथे फारसं कुणी अडकत नाही. अडकतात ते उतरताना आणि तटावर. बाकी इंग्रजांनाही हा गड सरळ चढून घेता आला नव्हता. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफा काही दिवस धडधडल्या, एक गोळा दारूकोठारावर पडला, तेव्हा कुठे गड पडला.

"पाऊस थांबलाय, म्हणजे वाट सुकली"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि मी ती केलेली आहे. सप्टेंबरचे दिवस, लख्ख ऊन, पायऱ्या वरून कोरड्या ठाक दिसत होत्या. दरवाजातून बाहेर पडून पाच-सहा पायऱ्या उतरलो असेन. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बाटली. डावा पाय काळपट चकाकणाऱ्या दगडावर पडला आणि पुढच्या तीन पायऱ्या मी बसूनच उतरलो. बाटली मात्र न थांबता थेट झाडीत गेली. खाली ताक विकणाऱ्या मावशींनी पँटकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "मधूनच चाललेले दिसतायसा. कडंला खरबडीत असतंय, तिथं पाय टाकायचा."

मावशींचं बरोबर होतं. पायरीचा मधला भाग हजारो पायांनी गुळगुळीत झालेला असतो. पावसाळाभर त्यावर शेवाळाचा पातळ थर धरतो. ऊन पडलं की तो वरून सुकतो, खाली ओलाच राहतो. हिरवं शेवाळ निदान दिसतं तरी, हे काळं दिसतही नाही. दगड चकाकत असेल तर तो टाळायचा, खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचा असेल तर त्यावर पाय रोवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं, तेव्हाही कडेच्या हिरव्या दगडापेक्षा वाहत्या पाण्याखालचा खरबरीत दगड बरा.

जूनच्या पहिल्या सरींत वेगळाच घोळ होतो. उन्हाळाभर साचलेल्या धुळीचा चिखल होऊन तो बुटाच्या तळाला लिंपतो आणि चांगली पकड असलेला बूटही लोण्यासारखा सरकतो. दहा-वीस पावलांनी तळ दगडावर खरवडून घ्यावा. ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत येतं, खालचा खड्डा दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पायवाटेवर मुरुमाचा घसारा असतो, पाय टाकला की खडे गोट्यांसारखे फिरतात. गड तोच असला तरी वाट दर दोन महिन्यांनी नवी असते, म्हणून मागच्या वर्षीच्या फोटोवरून अंदाज बांधू नये.

मागे रेलून उतरणं

घसरायची भीती वाटली की माणूस आपोआप मागे झुकतो. भार टाचेवर येतो, टाच निसटते, आणि ज्याची भीती होती तेच होतं. गुडघे किंचित वाकवा, वजन दोन्ही पावलांच्या बरोबर वर ठेवा, पाऊल जरा तिरकं टाका, पावलं छोटी ठेवा. दोन्ही हात मोकळे हवेत. फारच निसरडं असेल तर सरळ बसून उतरा, यात कमीपणा काही नाही. बुटांचं म्हणाल तर कुठल्याही जुन्या भटक्याला विचारा, तो ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांचं नाव घेईल. मऊ रबरी तळ ओल्या कातळाला धरतो. पळायच्या महागड्या बुटांचा कडक तळ इथे दगा देतो.

तटावरची मस्ती

कोरीगडाची तटबंदी अजून बरीच शाबूत आहे, त्यामुळे फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या चालायच्या वाटेवर, चढून चालायचा मोह होतो. पावसाळ्यात तो आवरा. वरचा वारा सरळ येत नाही, झोतात येतो. अंगावरचा प्लास्टिकचा पाँचो शिडासारखा फुगतो आणि माणसाला ढकलतो. छत्रीबद्दल तर बोलायलाच नको. तटाच्या आतून, दोन हात अंतर ठेवून चाला. सुट्या दगडांच्या फटीत हात घालू नका, फुरसं अशाच जागी बसलेलं असतं. वास मारणारे अत्तर-स्प्रे घरीच ठेवा आणि धूर करू नका, कड्यांना आग्या मोहळं असतात.

धुक्यात वाट हरवली तर

गडमाथा सपाट आहे. दोन तळी, कोराई देवीचं देऊळ, लक्ष्मी तोफ, सगळं एरवी डोळ्यांसमोर असतं. ढग उतरला की दहा फुटांवरचं देऊळ गायब होतं आणि लोक मधल्या पठारावर गोल गोल फिरत राहतात. शोधाशोध थांबवा. देवळाला प्रदक्षिणा घालतो तसा गड उजव्या हाताला आणि तट डाव्या हाताला ठेवून सावकाश चालत राहा. तट कुठेच सोडला नाही तर फेरी पुन्हा दरवाजाशी येणारच. विजा कडाडायला लागल्या तर मात्र फेरी तिथेच सोडायची आणि गड उतरायला लागायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

आंबवणे गावाकडूनही एक वाट आहे. "आलोय तसे तिकडून उतरू" हा विचार ढगातच सुचतो. ती वाट कमी वापरातली आहे, रान वाढलं की पुसट होते. माहीतगार सोबत नसेल तर नकोच.

पाय मुरगळला तर बूट लगेच काढू नका, सूज चढली की परत घालता येत नाही. नाडी थोडी सैल करा, दहा मिनिटं बसा आणि पाय टेकवून बघा. टेकवला जात असेल तर एकाचा खांदा धरून हळूहळू उतरता येतं. नसेल तर ओढाताण करू नका, ११२ला फोन लावा. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी बचावकार्यात मुरलेली मंडळी आहेत. मोबाइलची रेंज सगळीकडे मिळेल असं धरून चालू नये, म्हणून गटातल्या कुणा एकाला खाली धाडायची तयारी हवी.

आणि निघायची वेळ. पावसाळ्यातल्या रविवारी अकराला पायथ्याशी पोचलात तर पायऱ्यांवर रांग, वर धुकं, आणि परतताना भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची जत्रा. कधी कधी पावसाळ्यात प्रशासनाचे मनाई आदेशही असतात, ते आदल्या दिवशी बघून घ्यावेत. सातला चढायला लागा. दहाच्या आत खाली आलात तर मावशींचं ताकही शिल्लक असतं.