कमी बजेटमध्ये भरवशाचा मदरबोर्ड कसा निवडावा

‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ हा प्रश्न मदरबोर्डच्या बाबतीत शेवटी विचारायचा असतो. असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक या चारही कंपन्या तैवानच्या. एएसरॉक तर २००२ मध्ये असूसमधूनच निघाली. चौघींकडे दणकट बोर्ड आहेत आणि जेमतेम चालणारेही आहेत. म्हणून नावावरून वाद घालण्यापेक्षा पुढच्या क्रमाने जा.

१. आधी प्रोसेसर पक्का करा
सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, त्यावरूनच ठरतो. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट लागतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर फक्त डीडीआर४ रॅम चालते आणि एएम५ वर फक्त डीडीआर५. गोंधळ होतो तो एलजीए १७०० मध्ये, कारण तिथे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. नावातले ‘डी४’ नजरेतून सुटले की हातातली रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही, कारण दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात.

२. चिपसेट
प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डवरची चिप म्हणजे चिपसेट. टायपिंग, ब्राउझिंग, व्हिडिओ एवढेच काम असेल तर एच६१० (इंटेल) किंवा ए५२० (एएमडी एएम४) पुरे. मात्र एच६१० च्या बोर्डवर बहुधा दोनच रॅम स्लॉट असतात. पुढे ग्राफिक्स कार्ड आणि जास्त रॅम घालायची असेल तर बी७६० (इंटेल) किंवा बी५५० (एएमडी एएम४) बघा.

३. व्हीआरएम बघा, शोभेचे दिवे नकोत
पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण एक-सव्वा व्होल्ट देणारा भाग म्हणजे व्हीआरएम. स्वस्त बोर्डात काटकसर होते ती बऱ्याचदा इथेच. कोअर आय७-१२७०० चेच बघा. माहितीपत्रकात ६५ वॉट वाचून आपण निर्धास्त होतो, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, त्याची मर्यादा १८० वॉट आहे. अशा प्रोसेसरखाली दुबळा व्हीआरएम तापतो, मग वेग आपोआप खाली येतो आणि महागड्या प्रोसेसरचे पैसे वाया जातात. सॉकेटच्या बाजूच्या या भागावर उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक आहे का, हे फोटोतही दिसते. हीटसिंक असला म्हणजे आतला भाग चांगलाच असेल असे नाही. पण जोरकस प्रोसेसर बसवायचा आणि हीटसिंकच नाही, तर तो बोर्ड सोडून द्या. साध्या आय३ ला एवढी चिंता नको.

त्याच नावाच्या बोर्डची नवी आवृत्तीही निघते आणि तिच्यात सुटे भाग बदललेले असू शकतात. म्हणून परीक्षण वाचताना ‘रेव्ह’ (आवृत्ती) पुढचा आकडा जुळवून घ्या.

४. आता कंपनी
इथे ब्रँडचा खरा कस लागतो. त्या मॉडेलचे सपोर्ट पान उघडून बायोसच्या (संगणक सुरू करणारे बोर्डवरचे सॉफ्टवेअर) अपडेटच्या तारखा बघा. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे उघड झाले. त्यावर उपाय म्हणून आलेला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्तीची सूचनावली) लोकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः बोर्ड कंपन्यांच्या बायोस अपडेटमधून. अपडेट न देणारी अनोळखी कंपनी अशा वेळी काय कामाची? जुन्या बोर्डांतून काढलेले चिपसेट नव्या पाटीवर बसवून विकले जाणारे बोर्डही असतात. ते दिसायला झकपक, पण बिघडले तर दाद मागायची कुणाकडे?

त्याच पानावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येकासमोर किमान बायोस आवृत्ती. ती जरूर वाचा. मी एकदा वाचली नव्हती. स्क्रीन काळी, पंखे फिरतायत, आणि मी दोन दिवस रॅम काढतोय-घालतोय. बोर्ड धडधाकट होता, बायोस जुना होता. प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस टाकायची सोय (असूसकडे ‘बायोस फ्लॅशबॅक’, गिगाबाइटकडे ‘क्यू-फ्लॅश प्लस’) असलेला बोर्ड थोडा महाग पडला तरी मी तोच घेतो.

वॉरंटी किती वर्षांची, एवढेच विचारून थांबू नका. बोर्ड दुकानदार स्वीकारणार की तुम्हीच सेवा केंद्रात पाठवायचा, तेही विचारा.

५. हातात आल्यावर
इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये आणि एएम५ मध्ये पिना बोर्डवरच असतात. प्रोसेसर बसवण्याआधी बोर्ड उजेडात तिरका धरून त्या सरळ आहेत का बघा आणि फोटो काढून ठेवा. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण फेकू नका. ते नसेल तर काही कंपन्या बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत.