पहिली गिटार घ्यायला जाताना खिशात दोन नाणी ठेवा

सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, शाळांना सुट्टी लागते आणि त्याच सुट्टीत माझ्याकडे गिटार शिकायला सगळ्यात जास्त मुलं येतात. पहिल्या दिवशी खांद्याला नवी कोरी गिटार असते, चेहऱ्यावर आनंद मावत नसतो. मी ती गिटार हातात घेऊन, मानेवर धातूच्या आडव्या कडांनी आखलेल्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीपाशी तार दाबून बघतो आणि बऱ्याचदा तिथेच मन खट्टू होतं. तारा मानेपासून इतक्या उंच असतात की मोठ्या माणसाचंही बोट कळवळावं. त्या मुलाच्या मेहनतीत काहीही कमी नसतं, पण महिन्याभरात ते यायचं थांबतं.

माझंही तेच झालं होतं. वडील यंत्रमागावर कामाला होते. एका दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी मला गिटार घेऊन दिली. दुकानदाराने एकदा सगळ्या तारांवरून हात फिरवला, म्हणाला, "बघा ओ मालक, आवाज कसा घुमतोय!" आवाज घुमत होता खरा. पण घरी आल्यावर पाच महिने झटूनही माझ्याकडून एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे अनेक तारा एकत्र दाबून वाजवायचा स्वरांचा जुडगा) वाजली नाही. आपल्या बोटांना सवय नाही, आपल्याला हे जमणारच नाही, असं धरून मी ती गिटार माळ्यावर टाकली. दोन वर्षांनी एका जाणत्या वादकाने ती खाली काढली, ब्रिजवरचा, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यावरचा, पांढरा बारीक तुकडा, म्हणजे सॅडल, पॉलिश पेपरवर घासून थोडी खाली आणली आणि माझ्या हातात दिली. पहिल्या दहा मिनिटांत एफ कॉर्ड वाजली. आनंद झाला, आणि गेलेल्या दोन वर्षांचं वाईटही फार वाटलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: पहिल्या गिटारमध्ये कंपनी, रंग, लाकूड यांच्याआधी तारांची उंची बघा. वादक तिला 'ॲक्शन' म्हणतात.

पैसे आधी ठरवा

दोन-अडीच हजारांची चकचकीत गिटार ऑनलाइन दिसते. सोबत बॅग, पट्टा, पिक, जादा तारा सगळं फुकट. तिच्यातही एखादी चांगली निघते, पण तो नशिबाचा भाग आहे. चार ते सहा हजारांत गिव्हसन, कॅडन्स, व्हॉल्ट अशा कंपन्यांची शिकण्याजोगी वाद्यं मिळतात, फक्त प्रत्येक नग स्वतः तपासून घ्यावा लागतो. साधारण आठ ते बारा हजारांत यामाहाची एफ-२८० किंवा एफ-३१०, कोर्टची एडी-८१० अशी मॉडेलं येतात. यांत एका नगाचा दुसऱ्या नगाशी फारसा फरक नसतो आणि पुढे विकायची झाली तर किंमतही बरी येते.

ठरवलेल्या रकमेतले हजारभर रुपये मात्र दुकानात खर्च करू नका. ते सेटअपसाठी आणि तारांच्या एका चांगल्या संचासाठी बाजूला ठेवा. तंबोऱ्याची जवारी (तारा टेकतात त्या घोडीची घासणी) नीट लागली नसेल तर महागडा तंबोराही बोलत नाही, हे आपल्याकडे मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. गिटारचा सेटअप म्हणजे साधारण तसंच काम: सॅडल आणि नट (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तो खाचांचा तुकडा) हवे तेवढे घासायचे, मानेचा बाक सरळ करायचा. सहा हजारांची गिटार सेटअप करून घेतली, तर ती सेटअप न केलेल्या दहा हजारांच्या गिटारपेक्षा हाताला गोड लागते.

पिकअप (आवाज स्पीकरपर्यंत नेणारं यंत्र) बसवलेली सेमी-ॲकॉस्टिक गिटार पहिल्या वर्षी नको. तेवढ्याच पैशांत लाकडाला कमी पैसे उरतात.

कोणती मागायची

जुन्या दुकानांत साध्या गिटारला अजूनही 'स्पॅनिश' म्हणतात आणि शेजारीच 'हवाईयन' टांगलेली असते. दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांडीने वाजवतात, म्हणून तिच्या तारा मुद्दामच उंच असतात. कॉर्ड वाजवायला ती घेऊ नका.

चित्रपटगीतं, भावगीतं गात वाजवायचं असेल तर स्टीलच्या तारांची गिटार घ्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला किंवा फार नाजूक बोटांना नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना सुसह्य पडते, पण तिची मान रुंद असते, हे लहान पंजाला अडचणीचं होतं, बसवून बघा. आणि नायलॉनच्या गिटारला 'आवाज मोठा येईल' म्हणून स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. स्टीलच्या सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढ देतात, नायलॉनच्या जवळपास निम्मी. क्लासिकल गिटार ती ओढ सोसायला बांधलेलीच नसते. मान वाकते, ब्रिज उखडून येतो.

माप ४१ इंच म्हणजे पूर्ण आकार. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ३८ ते ४० इंच बरं. नियम एवढाच: गिटार मांडीवर घेतल्यावर उजवा खांदा वर उचलला जाऊ नये आणि डावा हात पहिल्या पट्टीपर्यंत न ताणता पोचावा.

दुकानातली पंधरा मिनिटं

इथे घाई करू नका. गर्दीच्या वेळी जाऊ नका, दुपारी जा. आधी दुकानदाराला गिटार सुरात लावून द्यायला सांगा. तारा सैल असताना कुठलीच परीक्षा खरी ठरत नाही.

आता खिशातली नाणी काढा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जाडी तीन मिलिमीटरला जराशी कमी भरते. मानेवर जिथे दोन ठिपके असतात ती बारावी पट्टी. तिच्या धातूच्या कडेवर, सगळ्यात जाड तारेखाली ही जोडी सरकवून बघा. तारेला घासत, अडत जात असेल किंवा जातच नसेल तर उंची ठीक. नाणी आरामात जाऊन वर आणखी जागा दिसत असेल तर ती गिटार खाली ठेवा, किंवा सॅडल घासून देणार का ते आधी विचारा. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या आईसोबत मी दुकानात गेलो होतो. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या तीन गिटार समोर होत्या. दोन गिटारींत नाणी सळकन आत गेली, तिसरीत अडली. तिसरीवर मुलीने आयुष्यातली पहिली ई मायनर कॉर्ड तिथेच दाबली आणि सहाही तारा स्वच्छ वाजल्या. "सर, हीच घ्यायची," असं ती आईच्या आधी म्हणाली.

उंची पटली की मान बघा. जाड तार डाव्या हाताने पहिल्या पट्टीत आणि उजव्या हाताने चौदाव्या पट्टीत एकाच वेळी दाबा. मधे, सहाव्या-सातव्या पट्टीपाशी तार आणि धातू यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी फट हवी. फट फार असेल तर मान पुढे वाकली आहे. अजिबातच नसेल तर तारा झणझणतील. मानेत ट्रस रॉड, म्हणजे आत बसवलेली धातूची सळई, असेल तर हा दोष किल्लीने निघतो, म्हणून ट्रस रॉड आहे ना, हे विचाराच. आवाजाच्या भोकातून आत किंवा मानेच्या टोकाला त्याची किल्ली लावायची जागा दिसते.

मग प्रत्येक तार पहिल्या पट्टीपासून बाराव्यापर्यंत एकेक करून वाजवा. सहा तारा, बारा पट्ट्या, बहात्तर स्वर. कंटाळा येईल, पण एखाद्या पट्टीवर 'झर्र' आवाज येत असेल तर तो याच वेळी सापडतो. फोनवर ट्यूनरचं ॲप उघडा, तार मोकळी वाजवा, मग तीच बाराव्या पट्टीत दाबून वाजवा. दोन्ही वेळा तोच स्वर आला पाहिजे, दुसऱ्यांदा एक सप्तक वर. काटा स्पष्टपणे बाजूला सरकला तर ती गिटार कितीही लावली तरी पुढच्या पट्ट्यांवर बेसूरच राहणार.

शेवटी कागदाचा तुकडा घेऊन ब्रिजच्या मागच्या कडेखाली शिरतो का बघा. शिरला तर डिंक सुटायला लागला आहे. ती गिटार फुकट मिळाली तरी नको.

आपल्या हवेचं काय

मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात हलकेच फिरवा. पट्ट्यांची टोकं बोचतात का? कोरड्या हवेत मानेवरची लाकडी फळी आकसते, धातू तेवढाच राहतो आणि टोकं बाहेर येतात. मुंबईच्या दमट हवेतून मावसभावाची जुनी गिटार सोलापुरात आली की दोन महिन्यांत हेच होतं. शिवाय पुढची फळी जराशी बसते आणि तारा खाली येऊन झणझणू लागतात. म्हणूनच 'सॉलिड टॉप', म्हणजे पुढची फळी अखंड लाकडाची असलेली गिटार घ्या, असा सल्ला सगळीकडे मिळत असला तरी आपल्याकडच्या नवशिक्याला मी प्लायची, म्हणजे लॅमिनेटेड फळीची गिटार सुचवतो. आवाज थोडा कमी खुलतो, पण उन्हाळा ती सोसते.

पत्र्याच्या खोलीत गिटार भिंतीला टांगू नका. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, रोजच्या ओल्या-कोरड्या फरकाने लाकूड दमतं. आणि बंद गाडीत तर दहा मिनिटंही नको; उन्हात ब्रिजखालचा डिंक मऊ पडतो. बॅगेत घालून, पलंगाखालच्या थंड जागेत ठेवा. वरून जाड सोलापुरी चादर टाकली तर उत्तम, आमच्या घरी तसंच करतात.

जुनी किंवा ऑनलाइन घेताना

जुन्या गिटारला वर सांगितलेल्याच सगळ्या परीक्षा, शिवाय पहिल्या तीन पट्ट्यांच्या धातूवर तारांनी खोल चरे पाडलेत का ते बघा. ऑनलाइन घेतलीत तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत नाण्यांची परीक्षा करून मोकळे व्हा. पुण्यात चार दुकानं बघायची असतील तर हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं.

दुकानातून निघताना बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या. दुचाकीवर नेताना गिटार पाठीला लावा, मान वर ठेवा आणि दारातून आत शिरताना वाका. पहिल्याच दिवशी चौकटीला मान आपटलेल्या गिटार मी पाहिल्या आहेत. नव्या तारा आठ-दहा दिवस ताणत राहतात, त्यामुळे रोज वाजवायला बसण्याआधी सूर लावावाच लागेल, त्याने घाबरून जाऊ नका.