रक्तदान शिबिर: कार्यकर्त्यांना कामं कशी वाटून द्याल?

मंडळाचं रक्तदान शिबिर ठरलं की बॅनर आधी छापला जातो आणि कुणी काय करायचं ते शिबिराच्या सकाळी ठरतं. हा क्रम उलटा करा.

आधी रक्तपेढीला फोन. किती कॉट आणणार, डॉक्टर आणि तंत्रज्ञ किती, हे विचारून घ्या. चार कॉट असतील तर एका वेळी दहा-बारा कार्यकर्ते पुष्कळ झाले. पन्नास जण एकसारखे टी-शर्ट घालून दारात उभे राहिले तर रक्तदात्यालाच आत शिरायला वाट मिळत नाही.

मग यादी. ग्रुपवर आलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे. एकेकाला फोन करा आणि नुसतं 'ये रे' न म्हणता काम आणि वेळ सांगा: 'नऊ ते साडेअकरा, नोंदणीचं टेबल.'

नोंदणीला शांत डोक्याचा, बरं अक्षर असलेला माणूस बसवा. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन आणि स्त्रियांचे चार महिने उलटलेले, सकाळी काही खाल्लंय का, एवढंच त्याने बघावं. आजार, औषधं वगैरे डॉक्टर विचारतील. कुणाचाही फॉर्म मोठ्याने वाचायचा नाही. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरलं तर परत पाठवावं लागतं आणि त्यात बायका जास्त असतात. त्यांच्याशी बोलायला एखादी ताई हवीच. 'तुमचं रक्त चालत नाही' असं चारचौघांत ऐकलेली बाई पुन्हा शिबिराकडे फिरकत नाही. 'आज राहू द्या, डॉक्टरांना दाखवून घ्या, पुढच्या वेळी या' म्हणायला काही खर्च येत नाही.

सगळ्यात भरवशाचा कार्यकर्ता कुठे ठेवायचा? बहुतेक मंडळं त्याला पाहुण्यांच्या स्वागताला जुंपतात (नगरसेवक यायचे असतात ना!). माझ्या मते तो चहा-बिस्किटांच्या टेबलाशी हवा. चक्कर पुष्कळदा कॉटवर येत नाही, उठून चालायला लागल्यावर येते. त्याने चहा देता देता चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं. ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला, बोलता बोलता माणूस गप्प झाला, की आहे तिथेच आडवं करून पाय उंच धरायचे, गर्दी हटवायची आणि डॉक्टरांना हाक मारायची. बरं वाटत असलं तरी पंधरा मिनिटं बसवायचंच. 'बाईक बाहेर लावलीय, निघतो' म्हणणाऱ्या पोरांसाठी दरडावू शकणारा एखादा काका तिथे असला तर उत्तम.

कार्यकर्तेही रक्त देतात आणि मग संध्याकाळी हौसेने टेबलं उचलायला धावतात. त्या दिवशी जड काही उचलायचं नसतं. म्हणून आवराआवरीचा गट वेगळा ठेवा आणि त्याला रक्तदानासाठी दुसऱ्या शिबिरात पाठवा.

राहिली रक्तदात्यांची कार्डं. ती पुढे कित्येक दिवस कुणाच्या तरी डिकीत पडून असतात. घरोघर पोचवायला एकाचं नाव आजच वहीत लिहून टाका.