अर्जेंटिनात काय खावं, काय प्यावं आणि कसं

अर्जेंटिनाच्या जेवणात मसाले मोजकेच: मीठ, लसूण, ओरेगानो, थोडं जिरं, भरड लाल मिरची. चव येते ती आच आणि वेळ सांभाळल्यामुळे. ते कुठे बिघडतं हे आधी माहीत असलं, की पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायची वेळ येत नाही.

सुरुवात ‘माते’ या पेयापासून करा. मिसिओनेस आणि कोरिएन्तेस प्रांतांत पिकणाऱ्या येर्बा मातेच्या वाळवलेल्या पानांचं हे पेय. 2013 साली कायदा करून त्याला ‘राष्ट्रीय इन्फ्युजन’चा, म्हणजे पानं पाण्यात मुरवून केलेल्या राष्ट्रीय पेयाचा, दर्जा दिला गेला. ते प्यायचं भांडंही ‘माते’च, बहुतेकदा सुकवलेल्या भोपळ्याचं, आणि ओढायची धातूची नळी म्हणजे ‘बोंबिशा’.

भांडं दोन-तृतीयांश भरेल इतकी येर्बा, म्हणजे ही वाळवलेली पानं, घाला. तोंडावर तळहात ठेवून भांडं उलटं करा आणि चार-पाच झटके द्या. बारीक भुकटी वर, हाताकडे येते आणि नळीच्या भोकांत जाऊन बसत नाही. तळहात न काढता भांडं तिरपं धरून हळूच सरळ करा, म्हणजे येर्बा एका बाजूला उंच आणि दुसरीकडे खोलगट राहील. खोलगट बाजूला थोडं कोमट पाणी ओता आणि ते शोषलं जाईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा. मग नळीचं वरचं टोक अंगठ्याने बंद करून ती त्याच ओल्या जागी तळापर्यंत खोचा. आता 75 ते 80 अंशांचं पाणी नळीच्या कडेने, दर वेळी त्याच ठिकाणी, थोडं थोडं ओता. उंच बाजू कोरडीच राहायला हवी. तो पुढच्या फेऱ्यांसाठीचा राखीव साठा असतो. चव उतरू लागली की तिकडची थोडी येर्बा ओली करायची.

पाणी उकळू देऊ नका. उकळत्या पाण्याने येर्बा ‘जळते’: पहिला घोट कडूजहर लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या भांड्यापर्यंत चव संपते. थर्मामीटर नसेल तर किटली कुजबुजायला लागली की, बुडबुडे उसळण्याआधी, गॅस बंद करा. दुसरी चूक म्हणजे चहात चमचा फिरवावा तशी नळी ढवळणं. त्याने रचलेली येर्बा मोडते आणि नळी तुंबते. भोपळ्याचं भांडं नवं असेल तर आधी वापरलेली ओली येर्बा त्यात 24 तास ठेवा, आतला सुटलेला गर चमच्याने हलकेच खरवडा, धुवा आणि पूर्ण सुकू द्या. ओलं झाकून ठेवलं की बुरशी आलीच.

घोळक्यात वाढणारा एकच असतो, त्याला ‘सेबादोर’ म्हणतात. पहिलं, सगळ्यात कडक भांडं तो स्वतः पितो. तुमची पाळी आली की सुर्र आवाज होईपर्यंत पूर्ण प्या आणि भांडं त्यालाच परत द्या. मध्येच ‘ग्रासिआस’ (धन्यवाद) म्हणू नका. त्याचा अर्थ ‘मला पुरे’ असा होतो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळलं जातं. ईशान्येकडच्या उन्हाळ्यात हीच येर्बा बर्फाच्या पाण्यात किंवा रसात पितात, तो ‘तेरेरे’.

एम्पनादा म्हणजे दिसायला थेट करंजी. काठाची मुरडही तशीच, तिला ‘रेपुल्गे’ म्हणतात, आणि पुष्कळ दुकानांत मुरडीच्या घाटावरून आतलं सारण ओळखतात. साल्ता प्रांताची एम्पनादा लहान, तिच्यात सुरीने बारीक कापलेलं गोमांस, बटाटा, पातीचा कांदा, उकडलेलं अंडं आणि जिरं. तुकुमान प्रांतात बटाटा घालत नाहीत. मांस न खाणाऱ्यांनी कांदा-चीज किंवा मक्याची ‘हुमिता’ मागावी.

घरी करायची तर 500 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम लोणी, 10 ग्रॅम मीठ आणि साधारण 200 मिलि कोमट पाणी. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा आणि 12 सेंटिमीटरच्या पाऱ्या लाटा. वीसेक होतात. सारण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. गार सारणातला रस आणि स्निग्धांश गोठलेला असतो, म्हणून भरताना गळत नाही आणि भाजताना आतल्या आत वितळतो. गरम सारण भरलं तर पारी ओली होऊन फाटते. पारीत मोठा चमचाभरच घाला आणि 220 अंशांवर 15 ते 20 मिनिटं भाजा. खाताना पुढे वाका, चांगल्या एम्पनादातून रस ओघळतो.

‘असादो’ म्हणजे निखाऱ्यांवर, ज्वाळेवर कधीच नाही, जाड मीठ लावून सावकाश भाजलेलं मांस. आधी ‘चोरिपान’ येतो, पावात भाजलेलं सॉसेज आणि वर चिमिचुरी, म्हणजे पार्सली, लसूण, ओरेगानो, तेल आणि व्हिनेगरची चटणी. मग फासळ्या, ‘वासिओ’ (कुशीचं मांस) आणि ‘एन्त्रान्या’ (पडद्याचं मांस). ‘हुगोसो’ म्हणजे आत लालसर, ‘आ पुन्तो’ मध्यम आणि ‘बिएन कोसिदो’ पूर्ण शिजलेलं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ‘कार्ने’ या शब्दाचा रोजचा अर्थ गोमांस. ‘सिन कार्ने’ (कार्नेशिवाय) एवढंच म्हटलं तर ताटात कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं. म्हणून पूर्ण वाक्य बोला: ‘नो कोमो कार्ने, नि पोशो, नि पेस्कादो, नि हामोन’, म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, हॅम यांतलं काहीच खात नाही. सॉसेजमध्ये गाय आणि डुक्कर दोन्ही असू शकतात. शाकाहाऱ्याने मागावी ‘प्रोवोलेता’, म्हणजे तव्यावर खरपूस केलेली चीजची जाड चकती. ती गरम असतानाच खा, गार झाली की रबरासारखी होते. कांदा-चीजचा ‘फुगासेता’ पिझ्झा आणि हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली ‘फाइना’ही पोटभरीची. न्याहारीच्या ‘मेदियालुना’, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचे क्रोसाँसारखे पाव, दोन प्रकारच्या असतात: ‘दे मान्तेका’ लोण्याची, ‘दे ग्रासा’ प्राण्याच्या चरबीची. एम्पनादाच्या पारीतही चरबी असू शकते, विचारूनच घ्या.

रात्रीचं जेवण नऊनंतर. त्याआधी पाच-सहाच्या सुमारास ‘मेरिएन्दा’, म्हणजे संध्याकाळचं हलकं खाणं, असतं, तेव्हा गरम दुधात चॉकलेटची वडी बुडवलेला ‘सुब्मारिनो’ प्या. मद्य चालत असेल तर मेन्दोसा प्रांताची मालबेक ही रेड वाइन आणि कोर्दोबा प्रांताचं आवडतं फेर्नेत-कोका, म्हणजे फेर्नेत हे वनस्पतींचं कडू मद्य आणि कोला: उंच ग्लासात भरपूर बर्फ, तीन भाग फेर्नेत, सात भाग कोला. ग्लास तिरपा धरून ओता, फेस झपाट्याने चढतो.

गोडात ‘दुल्से दे लेचे’, म्हणजे साखर घालून घट्ट आटवलेलं तपकिरी दूध. 2 लिटर सायीचं दूध, 500 ग्रॅम साखर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि व्हॅनिला. आटताना दुधातली आंबटता एकवटते. सोडा तिला आवरतो, त्यामुळे दूध फाटत नाही आणि तपकिरी रंगही लवकर धरतो. सोड्याने दूध फसफसतं, म्हणून पातेलं दुप्पट मोठं घ्या. मंद आचेवर दोन-अडीच तास, शेवटचा अर्धा तास न थांबता ढवळा. गार बशीत टाकलेला थेंब पसरला नाही की उतरवा, जरा सैलच, कारण गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. मग पातेलं गार पाण्यात ठेवून ढवळत राहा. सावकाश गार झालं तर दुधातली साखर कणी धरते आणि जिभेला रवाळ लागते.

हेच कॉर्नफ्लोअरच्या खुसखुशीत बिस्किटांमध्ये भरून कडेला खोबऱ्याचा कीस लावला की ‘आल्फाहोर दे मैसेना’. परतताना दुल्से दे लेचेची बरणी चेक-इनच्या बॅगेत ठेवा, विमानतळावर ती द्रवपदार्थांत मोजली जाते आणि हातातल्या सामानातून काढून घेतात.